कुंडीतले प्रश्न : कवठी चाफ्याची चुकलेली संध्याकाळ

प्रश्न : बाई, सप्रेम नमस्कार. आम्ही बोरिवलीला पाचव्या मजल्यावर राहतो. तीन वर्षांपूर्वी आईनं दापोलीहून येताना कवठी चाफ्याचं गुटी कलम आणून दिलं होतं. ती गेल्या दिवाळीत गेली. या मे महिन्यात झाडाला पहिल्यांदा कळी आली. रोज ऑफिसला निघताना बघून जात होते. आठ-दहा दिवस कळी तशीच. मग एका शनिवारी रात्री साडेनऊला घरी आले, तर दार उघडल्या उघडल्या वास! फूल पूर्ण उमललेलं. म्हटलं, उद्या सकाळी भावाला व्हिडिओ कॉल करून दाखवू. सकाळी बघते तर सगळ्या पाकळ्या लादीवर, कडा तपकिरी झालेल्या, आणि देठाला नुसतं हिरवं बोंड. एका रात्रीत असं कसं होईल? आदल्या दिवशी पाणी जास्त घातलं गेलं, त्यानं झालं का? की काही रोग आहे? शेजारच्या काकू म्हणाल्या, रात्री फुलाला हात लावलास म्हणून गळालं. मी हात लावला होता.
— एक वाचक, बोरिवली (पूर्व)

उत्तर : शेवटून सुरुवात करते. हात लावल्यानं फूल गळत नाही, डाग मात्र पडतो. त्याबद्दल पुढे सांगते. पाणी जास्त झालं तर कळी काळी पडून गळते, उमललेल्या फुलाला त्यानं काही होत नाही. रोगाचं तर नावच काढू नका. तुमचं फूल एका रात्रीत संपलेलं नाही. ते दोन संध्याकाळी उमललं आणि त्यातली पहिली तुमची चुकली. शनिवारी तुम्हाला वास आला. शुक्रवारी घरी किती वाजता पोचलात, आणि जेवून थेट झोपलात का, ते आठवून बघा.

तुम्हाला बोलत नाहीये. मला स्वतःला ही पहिली संध्याकाळ कळायला चाळीस वर्षं लागली.

१९७९ साली लग्न होऊन पार्ल्यात आले, तेव्हा मागच्या परसात धुण्याच्या दगडाशेजारी सासूबाईंचा कवठी चाफा होता. पुरुषभर उंच, पसरट, बाराही महिने हिरवागार. सासूबाईंचा नियम असा की दिवेलागणीच्या आधी फुगलेली कळी देठासकट खुडायची, पितळी वाटीत पाण्यात ठेवायची आणि वाटी दिवाणखान्यातल्या रेडिओवर. कळी वाटीतच उमलायची. संध्याकाळी घरी येणारा माणूस चपला काढता काढता विचारायचा, "कवठ आणलंत का?" नावच त्या वासावरून पडलंय. सकाळी पाकळ्या वाटीत पडलेल्या असत, त्या तुळशीच्या बुडाशी जात. हे फूल झाडावर राहिलं तर काय करतं, ते घरात कोणी पाहिलेलंच नव्हतं.

आणि मी तर शाळेत तीस वर्षं जीवशास्त्र शिकवत होते! पण फुलाचे भाग शिकवायला आमच्याकडे कायम जास्वंद. जास्वंदीत सगळं पुस्तकाप्रमाणे असतं : खाली हिरवा निदलपुंज, वर पाच पाकळ्या, मध्ये दांडा. कवठी चाफा वर्गात नेला असता तर पहिल्याच बाकावरून प्रश्न आला असता, "बाई, यातलं निदल कुठलं आणि दल कुठलं?" कवठी चाफा मॅग्नोलियाच्या कुळातला, आणि त्या कुळात हा भेद धड झालेलाच नसतो. म्हणून मी तो कधी नेला नाही. मास्तरकीत अशा पळवाटा असतात.

२०१५ साली आमचं घर रिडेव्हलपमेंटला गेलं. झाड मुळासकट हलवून देऊ असं बिल्डरच्या माणसांनी सांगितलं होतं. हलवलं खरं, पण जेसीबीनं आणि ट्रकमध्ये. मला अंदाज होताच, म्हणून आदल्या पावसाळ्यात तीन गुट्या बांधून ठेवल्या होत्या. दोन जगल्या. एक नणंदेकडे डोंबिवलीला गेली. दुसरी आमच्याबरोबर भाड्याच्या घरात राहिली आणि आता सातव्या मजल्यावर पूर्वेच्या गॅलरीत आहे. सासूबाई तोवर गेल्या होत्या. कळी आली तेव्हा खोक्यांमधून पितळी वाटी काही सापडेना. म्हणून कळी झाडावरच राहिली आणि मी स्टूल आणि वही घेऊन समोर बसले. त्या वहीतलं थोडं सविस्तर सांगते.

कवठी चाफ्याची कळी खाली मान घालून असते आणि फूलही कधी वर बघत नाही. बाहेरच्या तीन पाकळ्या हिरवट. आतल्या सहा सायीच्या रंगाच्या, आणि जाडीलाही सायीसारख्याच. उमलण्याच्या दिवशी दुपारपासून बाहेरचा हिरवेपणा फिका पडतो आणि कळी पारव्याच्या अंड्यासारखी टपोरी दिसायला लागते. त्या दिवशी साडेसहापर्यंत काहीच झालं नाही. सात वाजून दहा मिनिटांनी बाहेरच्या तिन्ही पाकळ्या सुटल्या. पण किती? दाराला साखळी ठेवून बाहेर कोण आलंय ते बघावं तितक्याच. आतल्या सहांची टोकं जेमतेम विलग झाली, करंगळी जाईल एवढी फट पडली. मी खालून टॉर्च मारला. मध्ये हिरवं इवलंसं बोंड, त्यावर बाहेर वळलेली टोकं, ओलसर आणि चकाकणारी. हे स्त्रीकेसर. त्यांच्या भोवती पुंकेसर एकमेकांना घट्ट बिलगून, जागचे न हललेले. वास होता, पण नाक अगदी जवळ नेलं तर. हे सगळं एवढं बेताचं होतं की मुद्दाम बसले नसते तर मला कळलंही नसतं. साडेदहाला मी झोपायला गेले.

पहाटे दूध घ्यायला उठले तर फूल मिटलेलं. पुन्हा कळी! जराशी सैल, पण कळीच. ह्यांना हाक मारून दाखवलं तर म्हणाले, "काल उमललंच नव्हतं. तुला भास झाला असेल." हे बँकेत होते. पुरावा हातात असल्याशिवाय ह्यांचा कशावर विश्वास नाही.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा सातचा सुमार. या वेळी साखळी नव्हती, दार सताड उघडं. मी आत कुकर लावत होते, शिटी व्हायच्या आधीच वास स्वयंपाकघरात आला. आठपर्यंत सगळ्या पाकळ्या फाकल्या होत्या. बोंडावरची ओल गेली होती, टोकं सुकून तपकिरी पडली होती, आणि काल घट्ट बसलेले पुंकेसर आता सुटे झाले होते. बोट लावलं तर चार-पाच सरळ तळहातावर पडले, पिवळसर भुकटीसकट. वासाचं काय सांगू, समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी दार उघडून विचारायला आल्या, अत्तराची बाटली फुटली का म्हणून. अकराच्या सुमारास पहिली पाकळी पडली. टप्. जाड असल्यामुळे आवाज होतो. शेजारच्या एसीचं पाणी थेंबथेंब पडत असतं, त्यात तो वेगळा ऐकू येतो. मी बसून होते तोवर तीन पडल्या, उरलेल्या सकाळी लादीवर होत्या.

तुम्ही शनिवारी पाहिलीत ती ही दुसरी रात्र.

फूल असं का करतं, तर पहिल्या रात्री ते मादी असतं आणि दुसऱ्या रात्री नर. स्त्रीकेसर आधी तयार होतात, त्यांची मुदत संपली की मग पुंकेसर पराग सोडतात. स्वतःचा पराग स्वतःवर पडू नये, दुसऱ्या फुलाचा यावा, म्हणून ही सोय. जगभरातल्या मॅग्नोलियांची हीच रीत आहे. कुणाचं वेळापत्रक दिवसाचं असतं, कुणाचं रात्रीचं. पराग नेण्या-आणण्याचं काम मुख्यतः भुंगेरे, म्हणजे टणक पाठीचे किडे, करतात. आपल्याकडे म्हणतात ना, चाफ्याला रूप, रंग, वास सगळं आहे, पण भुंगा फिरकत नाही? सोनचाफ्याच्या नावानं हे पिढ्यान्‌पिढ्या चाललंय. भुंगा फिरकत नसेल, पण भुंगेरा फिरकतो, आणि या कुळाला तेवढं पुरतं. भुंगेरे येतात ते चावत-कुरतडत, म्हणून पाकळ्या जाड. काही मॅग्नोलियांची फुलं तर आतून कोमट होतात. डायनोसॉर जमिनीवर हिंडत होते तेव्हाही या कुळाचे पूर्वज फुलत होते, इतकी ही पद्धत जुनी आहे.

जुन्या परसात असे मोहरीएवढे काळे किडे पाकळ्यांत सापडत. सासूबाई ते फुंकर मारून उडवून देत. सातव्या मजल्यावर मला आजवर एकही दिसलेला नाही, आणि आसपास दुसरा कवठी चाफाही नाही. तरी फूल पहिल्या रात्री फट ठेवून वाट बघतं, पहाटे मिटतं आणि दुसऱ्या रात्री पराग सांडून मोकळं होतं. माझ्या झाडाला फळ कधी धरलं नाही. तुमच्या देठावर राहिलेलं हिरवं बोंडही आठवडाभरात काळं पडून गळेल. तेव्हा पुन्हा पत्र लिहू नका.

आता डागाचं. माझी नात पाच वर्षांची असताना तिनं उमललेल्या फुलाची एक पाकळी चिमटीत धरून बघितली. मी ओरडले, पण उशिरा. अर्ध्या तासात त्या पाकळीवर तिच्या अंगठ्याची तपकिरी खूण उमटली, नखाच्या चंद्रकोरीसकट. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तोच हा प्रकार. पेशी दबल्या, आतला रस हवेशी भेटला की तो तपकिरी होतो. तुमच्या पाकळ्यांच्या कडा तपकिरी होत्या, तो लादीवर आपटल्याचा मार आणि रात्रभराची हवा. हे फूल केसात माळत नाहीत तेही म्हणूनच. पार्ल्याहून दादरला पोचेपर्यंत अंबाड्यात देठ राहील आणि पाकळ्या लेडीज डब्यात.

झाडाची काळजी थोडक्यात सांगते, कारण तुमचं झाड ठीक आहे. याचं मूळ गाव दक्षिण चीन, तैवान, व्हिएतनाम. तिथं ते मोठ्या झाडांच्या सावलीत वाढतं. तेव्हा सकाळचं ऊन द्या, दुपारी बाराचं नको. माती कायम ओलसर हवी, पण कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू देऊ नका. कळ्या न उमलता काळ्या पडायला लागल्या तर आधी ती ताटली बघा, मग गेल्या पंधरा दिवसांत कुंडी हलवली होती का ते आठवा. कळीवर असताना याला जागा बदललेली अजिबात खपत नाही. पानामागे पांढरा पिठ्या ढेकूण दिसला तर ओल्या कापसानं पुसून निंबोळी तेलाचा फवारा. शेणखत वर्षातून दोनदा, मूठभर. बस्स.

पुढची कळी आली की एवढंच करा : ती फिकी, टपोरी झालेली दिसली की त्या दिवशी सातच्या आत घरी या. नाहीच जमलं तर निघताना देठासकट खुडून पाण्यात ठेवा, तोडलेली कळीही उमलते. भावाला व्हिडिओ कॉल पहिल्या संध्याकाळी करा. तो म्हणेल, एवढंसंच? मग दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा करा.

अजून एक. आईनं आणलेलं झाड एकुलतं एक ठेवू नका. पाऊस सुरू झाला की पेन्सिलीएवढ्या जाड फांदीची साल इंचभर गोल सोलून काढा, आतला हिरवा थर खरवडा, भोवती ओलं शेवाळ मुठीनं दाबून बांधा आणि वरून प्लॅस्टिक गुंडाळून दोन्ही टोकं सुतळीनं आवळा. नर्सरीत स्फॅग्नम मॉस म्हणून मिळतं तेच हे शेवाळ. दोन-तीन महिन्यांत प्लॅस्टिकमधून पांढरी मुळं दिसतील. मग खालून कापून कुंडीत लावा. दोन गुट्या बांधा, एक दगावते. जगेल ती भावाला द्या.

प्रश्न : मुलगा लंडनला असतो. तो दर मार्चमध्ये गुलाबी मॅग्नोलियाचे फोटो पाठवतो. झाडावर पान एक नाही आणि फुलं शेकड्यांनी! असं झाड घाटकोपरला आमच्या सोसायटीच्या बागेत लावायचं आहे. ऑनलाइन बी मिळतं. मागवू का?
— एक वाचक, घाटकोपर (पूर्व)

उत्तर : नका मागवू. आमच्या इमारतीत एकांनी 'निळ्या मॅग्नोलिया'चं बी मागवलं होतं. दहा बियांचे पैसे मोजले, पाच उगवल्या, आणि दीड महिन्यानं कळलं की तो माठ आहे. भाजी बरी झाली म्हणे. निळा मॅग्नोलिया जगात नाही, हे आधी विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं.

तुमच्या मुलाचा मॅग्नोलिया बहुधा 'सोलांजियाना' असावा. लंडनच्या घरांपुढे तोच फार. ते संकरित झाड आहे. नेपोलियनच्या सैन्यात राहून आलेल्या सुलांज-बोदँ नावाच्या एका फ्रेंच गृहस्थांनी १८२० साली पॅरिसजवळच्या आपल्या बागेत दोन चिनी जातींचा संकर केला, आणि १८२६ मध्ये त्याला पहिलं फूल आलं. नंतर ते युरोपभर पसरलं. बी लावून तेच फूल मिळत नाही, कलमच लागतं. आणि कलम आणलंत तरी ते इथं रुसणार. त्या झाडाला पानं गाळून थंडीत महिनोन्‌महिने झोपायचं असतं, मग वसंतात ते पानांच्या आधी फुलतं. मुंबईत त्याला झोपवणार कोण? १९६२ च्या जानेवारीत सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता, आपण अजून त्याच्या आठवणी काढतो. त्या झाडाच्या हिशेबानं ती जेमतेम बरी रात्र.

मुलाला मात्र एक काम सांगा. त्यानं एकच फूल धरून ठेवावं आणि रोज त्याचाच फोटो पाठवावा. ती केसाळ, करड्या टोपीतली कळी, टोपी फाटून बाहेर आलेलं गुलाबी टोक, पेल्यासारखं उभं फूल, मग बशीसारखं पसरलेलं, मग फुटपाथवर चिखल होऊन पडलेल्या तपकिरी पाकळ्या. मध्येच रात्री हिमकण पडले तर अख्खं झाड एका सकाळीत चहाच्या चोथ्याच्या रंगाचं होतं, तोही फोटो मागवा. लोक तो पाठवत नाहीत.

सोसायटीच्या बागेत जमीन असेल तर सोनचाफ्याचं कलम लावा. तोही मॅग्नोलियाच आहे, आणि त्याला घाटकोपर चालतं. सेक्रेटरी मुळं टाकीत जातील म्हणून हरकत घेतील. टाकीपासून पंधरा-वीस फूट लांब लावा आणि मीटिंगच्या आधी त्यांच्या घरी एक ओंजळ फुलं पाठवा.

प्रश्न : बाई, मी नववीत आहे. आमच्या वाडीत पांढरा चाफा आहे आणि मंदिराजवळ सोनचाफा. सर म्हणाले दोन्ही चाफेच. पण दोघं एकमेकांसारखे दिसत नाहीत. हे भाऊ आहेत की नाहीत?
— एक विद्यार्थी, गिरगाव

उत्तर : नाहीत. नुसते नावबंधू. तुझ्या डोळ्यांवर विश्वास ठेवलास ते छान केलंस, सरांना हे दाखवायला हरकत नाही, पण नम्रपणे.

पांढऱ्या चाफ्याचं एक पान तोड. पांढरा चीक येईल. (डोळ्यांना लावू नकोस, नंतर हात धू.) सोनचाफ्याचं तोड, चीक येणार नाही. आता सोनचाफ्याची कोवळी फांदी जवळून बघ. प्रत्येक पानाच्या देठापाशी फांदीभोवती बांगडीसारखी एक रेघ दिसेल. कोवळ्या पानाची टोपी गळून पडली, तिची ती खूण. कवठी चाफ्यालाही ती असते, आणि मॅग्नोलिया ओळखायला मला तर फुलापेक्षा हीच रेघ उपयोगी पडते. पांढऱ्या चाफ्याच्या पाच पाकळ्या बुडाशी जुळून नळी झालेली असते. सोनचाफ्याच्या सगळ्या सुट्या, बारा-पंधरा तरी. तू मोजून लिही. पांढरा चाफा करवंद आणि कण्हेरीच्या कुळातला, मेक्सिको-कॅरिबियनकडून आलेला. सोनचाफा आपला, आशियातला.

पण यांचा एक संबंध आहे, आणि तो पुस्तकात सापडणार नाही. शार्ल प्ल्युमिए नावाचा एक फ्रेंच साधू होता. झाडं शोधत तो तीनदा कॅरिबियन बेटांवर गेला. मार्टिनिक बेटावर त्याला मोठ्या फुलांचं एक झाड दिसलं. त्याला त्यानं १७०३ मध्ये नाव दिलं 'मॅग्नोलिया', माँपेल्येच्या प्येर मान्योल या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या सन्मानार्थ. आणि पांढऱ्या चाफ्याचं शास्त्रीय नाव काय? 'प्लुमेरिया', म्हणजे खुद्द प्ल्युमिएच्या नावावरून! एका चाफ्याच्या नावात तो स्वतः आहे, दुसऱ्याचं नाव त्यानं ठेवलेलं. मान्योलही साधा माणूस नव्हता. तू परीक्षेत 'कुळ ओळखा' लिहितोस ना, ती झाडांची कुळं पाडायची कल्पना त्यानं १६८९ मध्ये मांडली. आणि सोनचाफ्याच्या लॅटिन नावात 'चंपाका' आहे, तो आपला चंपक. झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये तो तसाच उचलला.

सुट्टीत पहाटे दादरच्या फूलबाजारात जा, मोठ्या माणसाला बरोबर घेऊन. वसईकडून पहिल्या गाड्यांनी सोनचाफा येतो, तो बहुतेक मिटलेला असतो. अंधारात कळ्या खुडल्या नाहीत तर गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत फूल उमलून पाकळ्या गळायला लागतात. दोन कळ्या विकत घे. एक टेबलावर ठेव. दुसरी काचेच्या बाटलीत तुरटीच्या पाण्यात पूर्ण बुडव, वर हवा न ठेवता बूच घट्ट लाव. पहिली किती तास टिकली आणि दुसरी किती महिने, ते मला कळव. कोकणात अशा बाटल्या फडताळात वर्षानुवर्षं ठेवलेल्या मी पाहिल्या आहेत. वास नाही, रूप तेवढं राहतं.

प्रश्न : कवठी चाफा देवाला वाहिलेला चालतो का?
— एक वाचक, मुलुंड

उत्तर : आमच्याकडे वाहत असू. संध्याकाळच्या आरतीला वाहा, सकाळी पूजा करताना निर्माल्य आयतंच गळून पडलेलं असेल.

प्रश्न : आमच्या शेजारी कुणाच्या तरी गॅलरीत एक झाड आहे. मे-जूनमध्ये रात्री त्याचा इतका उग्र गोड वास येतो की माझं डोकं चढतं. झाड वाईट आहे असं म्हणायचं नाही, पण शेजाऱ्यांना दुखवायचंही नाही. काय करावं?
— एक वाचक, विलेपार्ले (पूर्व)

उत्तर : वासाचा जोर सात ते अकरा, तोही एका फुलाच्या दुसऱ्याच रात्री. तेवढा वेळ त्या बाजूची खिडकी लावून घ्या. शेजाऱ्यांना सांगितलंत तर ते कळी संध्याकाळी खुडून वाटीत घालून आत नेऊ शकतात, तशी जुनी रीत आहे. आणि तुम्ही सातव्या मजल्यावर आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहत असाल, तर वहिनी, मासिकाला पत्र कशाला लिहायचं? बेल वाजवायची. पितळी वाटी आता सापडली आहे.